उजवी नळी परक्याची

मंगळवार, ४ मार्च

या घरात माझ्या रुमालांचा पद्धतशीर संहार चालू आहे, याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून ही वही पुन्हा उघडली. सकाळी कचेरीला निघताना खण ओढला, तर आत शून्य. ज्या वार्ताहराला दिवसभर पुढाऱ्यांच्या पत्रकार परिषदांत घाम पुसत बसायचं असतं, त्याने बायकोचा फुलाफुलांचा रुमाल खिशात घालून बाहेर पडावं? धर्माची ग्लानी याहून निराळी काय असते?

संशयित एकच. आमचे तीर्थरूप. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून ते दुर्बिणीची भिंगं पुसतात. रुमाल संपले की टॉवेलचं टोक, ते ओलं असलं की शर्टाची बाही. परवा उशीचा अभ्रा. पुसायची, डोळ्यांना लावायची, ‘धुरकट आहे’ म्हणायचं, पुन्हा पुसायची. आमच्या कपाटातलं सगळं सुती वाङ्मय त्या दोन काचांवर खर्ची पडलं.

बाबांची सगळी नोकरी बंदराच्या मनोऱ्यावर गेली. क्षितिजावर काळा ठिपका उमटला की इतरांना ठिपका दिसे आणि बाबा बोटीचं नाव सांगत. धुराच्या रंगावरून सांगत, कलण्याच्या तऱ्हेवरून सांगत. त्यांचं नाव चुकल्याचं मी एकदाही ऐकलेलं नाही. ही दुर्बीण त्यांनी एका कप्तानाकडून घेतली तेव्हाच ती जुनी होती. निवृत्तीनंतर आम्ही हे तिसऱ्या मजल्याचं घर घेतलं, तेसुद्धा गॅलरीतून बंदराचं तोंड दिसतं म्हणून. स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत, पण बंदर दिसतं.

आज दुर्बीण उजेडात धरून पाहिली. भिंगांवरचा निळसर लेप पुसून पुसून ठिकठिकाणी उडालाय, आणि उरलेल्या भागावर कोळ्याने जाळं विणल्यासारखे ओरखडे. मी म्हटलं, “बाबा, नवी आणू या.”

“का? बाप म्हातारा झाला की नवा आणतोस का?”

यावर न्यायशास्त्रात उत्तर नाही. चष्म्यांच्या दुकानाच्या वर एक बाई जुन्या दुर्बिणींचं कोटिंग नव्याने करून देतात असं कळलंय. त्यांच्याकडे नेतो.

शुक्रवार, ७ मार्च

भिंगवाल्या बाईंचं दर्शन घडलं. जिना इतका अरुंद की वर पोहोचेपर्यंत माणूस नम्र होतो. बाई मात्र नम्र नाहीत. दणकट देह, कपाळावर सरकवलेलं घड्याळजीचं भिंग, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी दार आपटल्याचा भास व्हावा. खोलीच्या मध्यभागी एक पोलादी घंटा, माणूस उकिडवा बसेल एवढी. भिंगं सुटी करून तिच्यात ठेवायची, आतली हवा पंपाने काढून घ्यायची आणि मग खनिजाची वाफ करून ती काचेवर बसवायची, अशी ही विद्या.

बाईंनी दुर्बिणीसमोर दिवा धरला आणि भिंगातली प्रतिबिंबं बघितली. “निळं. एकच थर, जुन्या पद्धतीचा. हे इथं पांढरं दिसतंय ना, तिथं थरच नाही. कशाने पुसता? घासणीने?”

“माझ्या रुमालांनी.”

“रुमाल वाया गेले आणि काचही.” त्यांनी दुसरी एक दुर्बीण दाखवली. तिच्यात दिवा हिरवा दिसत होता. “हे माझं काम. थरावर थर, आणि वर एक टणक थर संरक्षणाला. यानंतर तुमच्या वडिलांनी गोणपाटाने पुसली तरी ओरखडा नाही. उजेड दुप्पट.”

“दुप्पट?”

“अहो, बोलायची पद्धत असते. पेपरवाले ना तुम्ही? तुम्हाला कळायला हवं.”

त्यांची एक रीत आहे. दोन्ही बाजू एकदम करत नाहीत. आधी एकच नळी करतात, उजवी. दुर्बीण घरी पाठवतात. गिऱ्हाइकाने एक डोळा मिटून जुनं बघायचं, दुसरा मिटून नवं बघायचं. पटलं तर डावी नळी. “लोकांना आधी विश्वास नसतो,” त्या म्हणाल्या, “मग डाव्या नळीसाठी जिना धावत चढतात.”

रीत मला आवडली. बाई आवडल्या नाहीत.

बुधवार, १२ मार्च

दुर्बीण आली. कचेरीतून येताना मी जिन्यातच डोळ्यांना लावून पाहिली, आणि शेजारणीची खिडकी इतकी स्वच्छ दिसली की तिने ती लावून घेतली. उजवी बाजू खरोखर लख्ख. डावी तिच्यापुढे धुकट, पिवळट.

बाबांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने पुसली, डोळ्यांना लावली. मी शाबासकीच्या अपेक्षेने उभा. शेवटी त्यांनी ती मांडीवर ठेवली.

“ही आपली नाही.”

“बाबा, तीच आहे. फक्त उजवीकडचा लेप नवा केलाय.”

“माझ्या दुर्बिणीतून धक्क्यावरचा दिवा पिवळा दिसायचा. हा पांढरा आहे.” मग उजव्या नळीवर तळहात ठेवून त्यांनी पुन्हा पाहिलं. चेहरा सैल झाला. “ही नळी माझी आहे. ती दुसरी कुणाची तरी आहे. बदलली त्यांनी.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

काल हसलो ते चुकलं. विचार केला तर बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या माणसाला मैलभर अंतरावरून बोट ओळखता येते, त्याला स्वतःच्या हातातली दुर्बीण ओळखता येणार नाही? ‘तोच हा’ अशा ज्ञानाला आमच्या शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात. बाबांची प्रत्यभिज्ञा हे त्या बंदरातलं सर्वोच्च प्रमाण होतं. कप्तान वाद घालत नसत.

तेव्हा कचेरीला दांडी मारून, दुर्बीण घेऊन जिना चढलो.

“बाई, उजव्या नळीतली भिंगं आमची नाहीत.”

बाई पावाचा तुकडा चहात बुडवत होत्या. तो बुडून गेला. “काय?”

“वडील म्हणतात बदललीत. त्यांच्या भिंगातून दिवा पिवळा दिसायचा.”

“जुनी काच पिवळी पडते, दोन काचा जोडणारा डिंक पिवळा पडतो. मी ती सोडवली, साफ केली, नव्याने चिकटवली. आता दिवा जसा आहे तसा दिसतो.”

“म्हणजे काय केलंत ते आधी सांगायला नको?”

“दिवा खरा दिसेल, हे आधी सांगायचं?” बाई उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की खोलीत जागा उरत नाही. “अहो पेपरवाले, अर्धी दुर्बीण चोरून मी करू काय? एका डोळ्याच्या माणसाला विकू?”

बिजागरीपाशी रंगाचा टवका उडालेला आहे, मनोऱ्याच्या पायरीवर पडल्याचा. तो त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं, टवका धातूवर आहे, प्रश्न काचेचा आहे. काचेला कुठे टवका असतो? हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की बाईंनी मला बाहेर काढलं.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

रविवार, १६ मार्च

बाबा आता डाव्याच नळीतून बघतात, उजवीवर माझा रुमाल बांधून. सकाळी हाक मारली. “ये, बघ, ‘शुभ्रा’ आत येतेय.”

मी गेलो. मला एक तेलवाहू जहाज दिसलं आणि दोन मासेमारी होड्या. ‘शुभ्रा’ ही प्रवासी बोट. ती मोडीत निघाली त्याची बातमी मीच दिली होती, माझ्या उमेदीच्या काळात, चार रकाने. बाबांनी तेव्हा कात्रण काढून ठेवलं होतं. म्हटलं, नव्या एखाद्या बोटीला जुनं नाव दिलं असेल. बंदर कचेरीत फोन करून विचारलं. अशी बोट नाही म्हणाले.

निष्कर्ष: डावी नळी इतकी खराब झाली आहे की बाबांसारख्याला नाव चुकीचं वाचावं लागतं. आणि ज्या बाईने ती आधी करायला हवी होती, तिने चांगली उजवी बदलून ठेवली. राग येतो तो याचा.

दुपारी आणखी एक. बाबांनी दारातल्या चपला घालायला नकार दिला. “या कुणाच्या? माझ्या कुठे गेल्या?” ही म्हणाली, तुमच्याच आहेत. तर म्हणाले, “अक्का, तू मध्ये बोलू नकोस.” अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मी मुंजीच्या वयाचा असतानाच गेली. हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तोंडात बसलेली हाक असते, निघून जाते. संपादकही मला मागच्या वार्ताहराच्या नावाने हाक मारतात आणि तो माझ्याहून जाड होता.

हिने चपला उचलून उन्हात ठेवल्या, कशासाठी कोण जाणे.

संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, तर म्हणाले, “बसा ना, बसा.” बाबा रागावले की मला अहोजाहो करतात, शाळेत नापास झालो तेव्हापासूनची जुनी शिक्षा आहे. दुर्बिणीवरून रागावलेत. साहजिक आहे.

मंगळवार, १८ मार्च

पुरावा मिळाला. आज सकाळी रुमाल सोडून मी स्वतः दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तर बंदरात एकाऐवजी दोन मनोरे, एक दुसऱ्याच्या किंचित वर. दोन मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. दुर्बीण घेऊन गेलो.

बाईंनी पाहिलं आणि दुर्बीण टेबलावर ठेवली. “हलली आहे. दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. वाटेत धक्का लागला असेल.”

“वाट दोन गल्ल्यांची आहे.”

“बरं, मग माझ्याकडून राहिलं असेल. झालं समाधान?” बारीक पेचकस घेऊन त्यांनी नळीच्या कडेचा स्क्रू सूतभर फिरवला, समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला, पुन्हा फिरवला. टाकी एक झाली. मी म्हटलं, एवढी चूक होते तर भिंगं अदलाबदल होणंही शक्य आहे. गल्लत म्हणा, मी चोरी म्हणत नाही.

“माझ्याकडे त्या मापाची दुसरी भिंगं नाहीत. सगळ्या गावात नसतील.” मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना एकदा डॉक्टरला दाखवा.”

“डोळे उत्तम आहेत त्यांचे.”

“मी कुठं नाही म्हटलं?”

काय बोलण्याची पद्धत आहे. स्वतःची चूक झाकायला गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या बापाला रोगी ठरवायचं. मी बातमीच करणार आहे या धंद्याची. नाव न घेता, पण जिना, घंटा आणि कपाळावरचं भिंग यांच्या वर्णनासकट.

शनिवार, २२ मार्च

बाईंचं थोबाड बंद करायला बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, हीही बरोबर आली. त्यांनी खालून दुसरी ओळ वाचली, चष्मा लावून शेवटचीही. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं टिकलं आहे, पडदा ठीक, दाब ठीक. “या वयात असे डोळे नशिबाने मिळतात,” डॉक्टर म्हणाले. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. डोळे शाबूत असतील, तर जे दिसलं ते खरं दिसलं. म्हणजे भिंग बदललं. अनुमान पूर्ण.

डॉक्टर मग बाबांशी गप्पा मारत बसले. वार कोणता, घर कुठे, मनोऱ्यावरून शेवटचं उतरलात कधी. बाबा म्हणाले, “सकाळीच उतरलो. रात्रपाळी होती.” डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो. बाबांचा विनोद असाच कोरडा, माझ्याकडे तो वारशाने आला आहे.

निघताना डॉक्टरांनी हिला बाजूला घेतलं. मला का नाही? मी काय शेजारचा आहे?

सोमवार, २४ मार्च

भांडण. आधी बातमीवरून. मी ती लिहून पूर्ण केली, मथळा ‘भिंगाआडचा धंदा’, आणि हिला वाचून दाखवली. ही भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

“छापू नका.”

“का?”

“त्या बाईने काही केलेलं नाही.”

“बाबा खोटं बोलतात?”

“मी असं म्हटलं का?” मग ती एकामागून एक सांगत गेली, जणू भाजीच चिरतेय. मागच्या आठवड्यात दुपारी बाबा खालच्या मजल्यावर उभे होते, मनोऱ्याचा जिना कुठे म्हणून विचारत. शेजारणीने वर आणून सोडलं. त्याआधी एकदा चहात मीठ घातलं आणि प्यायले. वर्तमानपत्र तेच ते रोज वाचतात, तारीख बघा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

“आणि हे मला आज सांगतेस?”

“तुम्हाला सांगायचं कसं? तुम्ही इतके दिवस एका जिन्यावर भांडताय. तिथून खाली उतरा म्हणजे सांगते.”

मी म्हटलं, एखादं म्हातारं माणूस चहात मीठ घालतं, म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही. मी म्हटलं, तू आणि ती बाई आणि तो डॉक्टर मिळून बाबांना वेड्यात काढताय. आणखीही बरंच म्हटलं. ते लिहीत नाही. आवाज इतका चढला की बाबा गॅलरीतून आले आणि हिला म्हणाले, “अक्का, हे गृहस्थ का ओरडतायत?”

ही त्यांना हात धरून घेऊन गेली.

अहोजाहो. अजून रागावलेले आहेत माझ्यावर.

बातमी कचेरीत दिलेली नाही. खिशात आहे.

बुधवार, २६ मार्च

उपाय सापडला आणि तो इतका सरळ आहे की आधी सुचला नाही याचा संताप येतो. भिंगं परत जुन्यासारखी करायची. नवा लेप काढून तोच निळा, एका थराचा, सामान्य लेप बसवायचा. मग बाबांना धक्क्यावरचा दिवा पिवळा दिसेल, दुर्बीण ओळखू येईल आणि ही सगळी मंडळी तोंडावर पडतील.

बाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावरचं भिंग काढून पुसलं, वेळ काढायला.

“चांगली केलेली काच मी वाईट करू?”

“वाईट नाही. आधी होती तशी.”

“या घंटेत मी शेकड्याने भिंगं घातली. खराब करून द्या असं सांगायला कुणी आलं नव्हतं.”

“मी आलोय.”

“निळा थर घालता येईल. पण तो पिवळेपणा? तो वयाने येतो, तो मी कुठून आणू?”

मी तावातावाने काहीतरी बोललो असेन. पण त्या नेहमीसारख्या उसळल्या नाहीत. “आणा इकडे,” म्हणाल्या. “डब्यात एक जुनी पिवळट काच पडली आहे, पातळ. आत आडवी घालून बघते. काम नियमाला धरून नाही. कुणाला सांगू नका मी केलं म्हणून. माझी अब्रू जाईल.”

या बाईला अब्रूची काळजी आहे हे मला नव्याने कळलं. खिशातल्या बातमीला हात लागला. तिथेच होती.

बुधवार, २ एप्रिल

दुर्बीण तयार. बाईंच्या खिडकीतून मी पाहिलं. डावी आणि उजवी सारख्याच धुकट, सारख्याच पिवळट. दिव्यासमोर धरली तर दोन्हीकडे निळं प्रतिबिंब. बाईंनी उजव्या भिंगावर मुद्दाम दोन-चार ओरखडेही काढले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमच्या वडिलांची खूण,” त्या म्हणाल्या. “नसती तर ओळखली नसती त्यांनी.”

मी दुर्बीण पिशवीत घातली.

“देताना काही बोलू नका,” त्या म्हणाल्या. “नुसती हातात द्या. ओळखली तर बरं. नाही ओळखली तर माझ्याकडे भांडायला येऊ नका. आता माझ्याकडे करण्यासारखं काही नाही.”

मी जिना उतरलो. मध्यावर थांबून बातमीचे तुकडे केले. खांद्यावरचे कपटे बघून खाली चष्म्यांच्या दुकानदाराने विचारलं, पाऊस पडला का वर? मी म्हटलं, भिंगाची पूड आहे.

घरी येऊन दुर्बीण कपाटात ठेवली. आज दिली नाही. उद्याही कदाचित देणार नाही. रविवार चांगला, घाई नसते. ही म्हणाली, “आणली ना? मग द्या की.” मी म्हटलं, उजेड नीट नाही. उजेड उत्तम होता.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी दिली.

काही बोललो नाही. हवा स्वच्छ होती. बाबांनी दुर्बीण हातात घेतली, फिरवली, बिजागरीपाशी टवक्यावर अंगठा ठेवला. तिथे त्यांचा अंगठा आपोआप जातो, रोज जातो, मला वाटलं जिंकलो. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने भिंगं पुसली. डोळ्यांना लावली. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. त्यांनी एका तेलवाहू जहाजाचं नाव वाचलं, बरोबर. दुसऱ्याचं वाचलं, तेही बरोबर. धक्क्याच्या दिव्याकडे वळवली. सकाळी दिवा विझलेला असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. महिनाभर भांडलो आणि दिव्याची वेळ चुकली.

दुर्बीण खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. छान हसले. परक्या माणसाशी हसतात तसं, अदबीने.

“चांगली आहे. कुणाची आहे?”

मी म्हटलं, “तुमची.”

“नाही हो. माझी आणायला माझा मुलगा गेलाय. कुणा बाईकडे आहे ती. भांडतोय तिच्याशी.” मग माझ्याकडे झुकून, जणू घरातली गोष्ट बाहेर सांगतायत म्हणून आवाज उतरवून म्हणाले, “चिडका आहे जरा. पण आणेल. तो सोडत नाही.” आणि खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून दिली. “बसा ना. येईलच तो.”

मी बसलो. ही दारात उभी होती. तिच्या हातात माझा एक रुमाल होता, कुठून मिळाला कुणास ठाऊक. तो तिने माझ्या खांद्यावर टाकला आणि आत गेली. बाबा रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत बसले, जिकडून मी रोज कचेरीतून येतो. मीही बघत बसलो.

मेंदूच्या डॉक्टरांकडे फोन करून गुरुवारची वेळ घेतली आहे.

बाईंवर माझा राग नाही. डॉक्टरांवर नाही, हिच्यावर तर नाहीच. महिनाभर मी काचेवर भांडलो, कारण काच कुणाकडे तरी परत नेता येते. बाबा मला विसरत चालले आहेत आणि मला त्याची भीती वाटते. ते त्या कोपऱ्यावर डोळे लावून माझी वाट बघत राहतील आणि मी त्यांच्या शेजारीच बसलेला असेन.